पाण्यात किती? : द्रावणाच्या मापांचा इतिहास



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे येतात. आजचा विषय त्या मानाने फारच किरकोळ वाटेल. एखाद्या पातळ पदार्थात दुसरा पदार्थ किती विरघळला आहे हे माणूस कसकसे सांगत आला, आणि एका तऱ्हेने सांगितलेले दुसऱ्या तऱ्हेत कसे उतरवीत आला, एवढाच तो विषय. परंतु आपण अलोऱ्यास बसलो आहोत. वर कोळकेवाडीचे धरण आहे, पलीकडे पोफळी आहे, आणि सह्याद्रीच्या पोटातून उतरलेले कोयनेचे पाणी वीज देऊन वाशिष्ठीच्या वाटेने समुद्राकडे जात आहे. ज्या गावाची वसाहतच पाण्याच्या कामासाठी उभी राहिली, त्या गावात पाण्याच्या हिशेबाची गोष्ट परकी वाटू नये.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. आपल्या आज्या-पणज्यांपाशी तराजू असो वा नसो, द्रावणाची तीव्रता सांगणारी एक पक्की मोजपट्टी होती. पाक एकतारी झाला, दोनतारी झाला, गोळीबंद झाला, असे त्या म्हणत. बोटांच्या चिमटीत पाकाची तार किती येते ह्यावरून पाण्यात साखर किती उरली आहे हे त्या ठरवीत, आणि बहुधा चुकत नसत. कोकमाचे आगळ हेही तसेच. ते मुद्दाम दाट व खारट करून ठेवायचे आणि लागेल तेव्हा पाणी घालून सरबत करायचे. 'एका वाटीस इतक्या वाट्या' हा हिशेब तोंडपाठ असे. दाट द्रावण साठवावे आणि वापरताना पातळ करावे हा प्रयोगशाळेतला नित्याचा रिवाज कोकणच्या घरांत फार जुना आहे.

ह्या घरगुती मापांत उणीव एकच होती. ती माणसाबरोबर राहत, दूर पाठविता येत नसत. 'माझ्या वाटीने चार' हे वाक्य शेजारच्या घरी गेले की त्याचा अर्थ बदलतो. बाजारातही तीच गत. आपल्याकडे शेर दोन होते, वजनी आणि मापी. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हा झाला मापी शेर. तो जागा मोजतो. वजनी शेर भार मोजतो. शेरभर तांदूळ म्हटल्यावर कोणता शेर हे विचारावे लागे. शिवाय गावोगावचे शेर वेगळे ते वेगळेच. मुंबईचा मण २८ रत्तलांचा, तर रेल्वेवर चालणारा बंगाली मण ८२ रत्तलांहून थोडा अधिक. शब्द एकच, आणि माल जवळजवळ तिप्पट.

भार आणि जागा ह्यांतला हा घोटाळा आपल्या जुन्या वैद्यांच्या ध्यानात आला होता, ही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे. शार्ङ्गधरसंहितेत काढ्याची रीत दिली आहे ती अशी : कुटलेले औषध एक पळ, पाणी त्याच्या सोळा पट, आणि आटवून आठवा हिस्सा उरवायचे. औषध किती, पाणी किती आणि शेवटी उरवायचे किती, हे तीनही आकडे तेथे आहेत. म्हणजे द्रावणाचे प्रमाण पुरतेपणी सांगितलेले आहे. त्याच ग्रंथात मागध आणि कालिंग अशी दोन माने सांगून मागधमान श्रेष्ठ मानले आहे. ह्याहून महत्त्वाचा नियम पुढे आहे. गुंजेपासून कुडवापर्यंत सुके, ओले आणि पातळ पदार्थ सारख्याच मापाने घ्यावेत, पण प्रस्थापासून पुढे पातळ व ओले पदार्थ दुप्पट घ्यावेत. ह्यास द्रवद्वैगुण्य म्हणतात. ह्या दुपटीच्या कारणांविषयी वाद घालता येईल, परंतु एक गोष्ट उघड आहे. मापाचे नाव तेच असले तरी पदार्थ पाहून आकडा बदलावा लागतो, हे त्या वैद्यांस ठाऊक होते आणि त्यांनी ते लिहून ठेवले.

युरोपात ह्या प्रश्नास निकड आली ती कर आणि कारखाने ह्यांमुळे. फ्रेंच औषधविक्रेता आंत्वान बोमे ह्याने १७६८ साली द्रवात तरंगणाऱ्या काचेच्या नळीवर अंश आखले. शुद्ध पाण्यात नळी बुडेल तेथे शून्य. ८५ भाग पाण्यात १५ भाग मीठ घातलेल्या द्रावणात ती बुडेल तेथे पंधरा. म्हणजे बोमेचा अंश हा मुळात मिठाचा शेकडा. समुद्राचे पाणी ह्या पट्टीवर साडेतीनच्या आसपास येते, आणि ऊन खाऊन आटत आटत ते पंचवीसच्या सुमारास पोचले की मीठ धरू लागते. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्यास सत्याग्रहींनी जे मीठ उचलले, ते साडेतीनाच्या पाण्याचे पंचवीस करण्याचे काम सूर्याने फुकट केलेले होते. सरकारचा कर होता तो केवळ त्या शेवटच्या पायरीवर.

दारूचा इतिहास आणखी बोलका आहे. इंग्लंडात १८१६ साली साइक्सचा तरकाटा कायद्याने ठरला आणि दारूची तीव्रता 'प्रूफ'मध्ये मोजली जाऊ लागली. प्रूफ स्पिरिट म्हणजे असे मद्य, की ज्याचे वजन ५१ अंश फॅरनहाइट उष्णमानाला तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या बारा-तेरांश भरते. त्यात मद्यार्क किती? आकारमानाने सांगायचे तर शेकडा ५७.१, आणि वजनाने सांगायचे तर शेकडा सुमारे ४९.३. बाटली एक, मद्य एक, आकडे दोन, आणि दोन्ही खरे. मद्यार्क पाण्याहून हलका असतो, म्हणून हा फरक. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला, आणि प्रूफची भाषा गुत्त्यापर्यंत गेली. प्रूफपेक्षा पंचवीसने कमी म्हणजे ७५ प्रूफ. ५७.१ चे तीनचतुर्थांश केले तर ४२.८ येतात. आजही आपल्या देशात रमच्या बाटलीवर ४२.८ हा चमत्कारिक आकडा छापलेला दिसतो तो ह्यामुळे. इंग्रज गेला, प्रूफही गेले, पण त्याच्या भागाकाराची खूण तेवढी राहिली.

आता जे माप आपल्या गावाच्या प्रकृतीशी निगडित आहे त्याकडे येतो. चार्ल्स टेनंट ह्याने १७९९ साली विरंजक भुकटीचे, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरीचे, एकस्व घेतले. कापडाच्या गिरण्यांस ती वरदान ठरली. पण तिच्यात एक खोड होती. ती हवेत उतरते, ओल लागली की आणखी लवकर उतरते. गिरणीवाल्याने पैसे मोजायचे कशाचे, भुकटीचे की तिच्यातल्या क्लोरीनचे? फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक ह्याने १८२४ साली तिची ताकद मोजण्याची रीत दिली. ज्ञात तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालीत जायचे आणि रंग पालटतो त्या क्षणी थांबायचे, ही अनुमापनाची पद्धत त्याच्या हातून व्यवहारात स्थिरावली. फ्रान्समध्ये पुढे रूढ झालेला 'क्लोरोमेट्रिक अंश' म्हणजे एक किलोग्रॅम भुकटीतून सुटणारा क्लोरीन वायू किती लिटर, तो आकडा. इंग्लंडात मात्र वजनाचा शेकडा चाले. एक लिटर क्लोरीनचे वजन सुमारे ३.२ ग्रॅम. म्हणून फ्रेंचांचे १०० अंश म्हणजे इंग्रजांचे शेकडा ३२. ज्या व्यापाऱ्याला हे ठाऊक नसेल, तो १०० अंश वाचून शंभर टक्के समजला तर त्याच्या पेढीचे दिवाळे निघावे!

१८९७ साली इंग्लंडातील मेडस्टन गावी विषमज्वराची साथ आली आणि पाण्याचे नळ निर्जंतुक करण्यासाठी हीच भुकटी वापरण्यात आली. गिरणीतली वस्तू अशा रीतीने पाणवठ्यावर आली. आपल्याकडे त्याच दशकात आग्र्याच्या हँकिनने पटकीच्या साथीत विहिरींत परमँगनेट घालण्याचा प्रघात पाडला होता. तेथे माप डोळ्याचे होते : पाण्याला गुलाबी झाक टिकेपर्यंत घालावे. पुढे विहिरींवरही ब्लीचिंग पावडरच आली, आणि आज ग्रामपंचायतीच्या टाकीपाशी जो माणूस पावडरीचा डबा घेऊन उभा असतो तो टेनंट आणि गे-ल्युसॅक ह्यांचाच वारस आहे.

त्याचा हिशेब आपण एकदा करून पाहू. टाकी ५०,००० लिटरांची आहे, आणि लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा आहे. दोन गुणिले पन्नास हजार म्हणजे एक लक्ष मिलिग्रॅम, म्हणजेच १०० ग्रॅम. पण हे शंभर ग्रॅम क्लोरीनचे, भुकटीचे नव्हेत. ताज्या भुकटीत उपयोगी क्लोरीन शेकडा ३३ धरला तर भुकटी लागेल सुमारे ३०० ग्रॅम. जून-जुलैच्या ओलीत डबा उघडा राहून ती शेकडा २० वर आली असेल, तर ५०० ग्रॅम. आणि 'शंभर ग्रॅम' एवढेच शब्द कानी पडल्यामुळे कोणी त्या उतरलेल्या भुकटीचे शंभरच ग्रॅम टाकले, तर पाण्यात पडतो लिटरला केवळ ०.४ मिलिग्रॅम क्लोरीन. त्यातला बराचसा गढूळ पाण्यातली घाण खाऊन टाकते, आणि नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहावा ही अपेक्षा पुरी होत नाही. पावसाळ्यात गावात कावीळ किंवा हगवण येते तेव्हा सगळे म्हणतात, 'पावडर तर टाकली होती.' टाकली होती हे खरेच असते. चूक हातात नसते, 'कशाचे शंभर ग्रॅम' हा शब्द वाटेत गळून पडलेला असतो.

एकोणिसाव्या शतकात पाण्याची परीक्षा जशी वाढली तशी मापांचीही गर्दी झाली. स्कॉटलंडच्या टॉमस क्लार्कने १८४१ साली साबणाच्या फेसावरून पाण्याचा जडपणा मोजण्याची रीत काढली. एका गॅलनात एक ग्रेन चुनखडी म्हणजे एक क्लार्क अंश. इंग्रजी गॅलनात दहा रत्तल पाणी मावते आणि रत्तलाचे ग्रेन सात हजार. म्हणून हा अंश सत्तर हजारांत एक, आजच्या भाषेत लिटरला १४.३ मिलिग्रॅम. फ्रेंचांनी लिटरला १० मिलिग्रॅम चुनखडी हा अंश धरला. जर्मनांनीही दहाच मिलिग्रॅम धरले, पण चुनखडीचे नव्हेत, भाजलेल्या चुन्याचे. परिणाम असा की लिटरला २०० मिलिग्रॅम चुनखडीइतका जडपणा असलेले एकच पाणी इंग्रजाच्या हिशेबी १४, फ्रेंचाच्या हिशेबी २० आणि जर्मनाच्या हिशेबी साडेअकराच्या आतच भरते. तिघांत खोटे कोणीच बोलत नाही.

ह्या गर्दीतून वाट काढली ती रेणूच्या कल्पनेने. पदार्थ एकमेकांशी संयोग करतात ते ग्रॅमांच्या नव्हे, कणांच्या हिशेबाने, हे पटल्यावर तीव्रताही कणांत सांगावी हे ओघानेच आले. ओस्टवाल्टने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेला 'मोल' १९७१ साली आंतरराष्ट्रीय पद्धतीत मूलभूत एकक म्हणून स्वीकारला गेला, आणि २०१९ पासून तो कणांच्या निश्चित संख्येवरच बांधला आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ह्या तीव्रतेला 'संहती' हा शब्द आहे, आणि तो चांगला आहे. कण एकत्र किती दाटले आहेत हे तो सांगतो.

एका मापातून दुसऱ्यात जाण्यासाठी तीन पूल लागतात. वजनाच्या शेकड्यातून लिटरच्या हिशेबात जाण्यासाठी घनता. ग्रॅमांतून मोलांत जाण्यासाठी रेणुभार. आणि जुन्या 'नॉर्मल' मापात जायचे तर त्या पदार्थाची अभिक्रिया कोणती, हे माहीत हवे. बाजारातले तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल शेकडा ३७ असते, घनता १.१९. म्हणजे एका लिटरचे वजन ११९० ग्रॅम, त्यात आम्ल सुमारे ४४० ग्रॅम. त्यास ३६.५ ह्या रेणुभाराने भागले की येतात बारा मोल. पहिले दोन पूल येथे ओलांडले. तिसऱ्याचे उदाहरण आपले विहिरीतले परमँगनेटच आहे. त्याचे ०.१ मोलचे द्रावण आम्लात वापरले तर ०.५ नॉर्मल, आणि उदासीन पाण्यात वापरले तर ०.३ नॉर्मल. बाटली तीच, पण काम बदलले की आकडा बदलतो. म्हणूनच हे माप आता मागे पडत चालले आहे.

आपल्या देशात ह्या सगळ्यास सुसूत्रता आली ती १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने. १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. कोयनेचा पहिला टप्पा उभा राहत होता ती हीच वर्षे. इकडे डोंगर पोखरला जात होता आणि तिकडे बाजारातून शेर-मण निरोप घेत होते. तरी पाणी आजही आपण अब्ज घनफुटांतच मोजतो. जुने माप जाता जाता पाऊल ठेवून जाते ते असे.

मग आता सगळीकडे मिलिग्रॅम आणि लिटर झाल्यावर घोटाळा संपला काय? संपला नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा आपल्याकडे लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, अमेरिकेत १० आहे. म्हणजे आपण साडेचार पट ढिले, असे कोणास वाटेल. तसे नाही. आपण संपूर्ण नायट्रेट मोजतो, ते त्यातला नुसता नायट्रोजन मोजतात. ६२ भाग नायट्रेटात १४ भाग नायट्रोजन. हिशेब केला तर दोन्ही मर्यादा जवळजवळ एकच निघतात. परंतु एखाद्या अहवालात नायट्रोजनचे ३० लिहिले असतील आणि वाचणाराने ते ४५ शी ताडून 'पाणी चांगले' म्हटले, तर प्रत्यक्षात नायट्रेट १३३ आहे. अशा पाण्याचा धोका सर्वांत अधिक असतो तो तान्ह्या मुलांस.

घरातले उदाहरण हवे असेल तर तेही आहे. येथे उपाशीपोटी साखर १२६ आली की डॉक्टर मधुमेहाचे नाव काढतात. इंग्लंडात असलेला मुलगा दूरध्वनीवर सांगतो, 'माझी सात आली', आणि आई म्हणते, 'सातच? अरे, काही खातोस की नाही?' वास्तविक सात आणि १२६ एकच. येथे डेसिलिटरला मिलिग्रॅम, तेथे लिटरला मिलिमोल, आणि मधला पूल १८ चा, कारण ग्लुकोजचा रेणुभार १८०. अठराने गुणण्याची आठवण त्या माउलीस कोणी दिली, तर तिची चिंता योग्य दिशेला वळेल.

शेवटी पुन्हा कोयनेकडे येतो. कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेस वळवायच्या पाण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. त्याचे लिटर केले तर सुमारे १ लक्ष ९१ हजार कोटी होतात. आता समजा, ह्या पाण्यात एखादा पदार्थ लिटरला केवळ एक मिलिग्रॅम आहे, दहा लाखांत एक भाग. अगदी नगण्य. पण वर्षभरात त्याचे होतात १,९११ टन! प्रमाण नगण्य असले म्हणून राशी नगण्य नसते.

हा भेद आपल्या जिल्ह्यास जिव्हाळ्याचा आहे. लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीचे सांडपाणी प्रक्रियेनंतर दाभोळच्या खाडीकडे जाते. खाडीतले मासे मरतात, मासळी हटली, ही तेथील मच्छीमारांची तक्रार वर्षानुवर्षांची आहे. सांडपाण्याची सर्वसाधारण मानके लिटरमागे मिलिग्रॅमांत आहेत. रासायनिक ऑक्सिजन मागणी २५० पेक्षा अधिक नको, असा त्यातला एक आकडा. ५०० च्या पाण्यात तेवढेच स्वच्छ पाणी मिसळले तर ते २५० होते. कागदावर ते मर्यादेत बसले, पण खाडीत गेलेली घाण मात्र रतिभरही कमी झाली नाही. कोणी तसे करतो असा आरोप मी करीत नाही. मापाचा स्वभाव सांगतो आहे. प्रमाण पाण्याने कमी करता येते, राशी पाण्याने कमी होत नाही. ज्यास खाडीचे हित पाहायचे त्याने लिटरमागे किती हे विचारावे, आणि दिवसाला किती लिटर हेही विचारावे. ह्या दोहोंचा गुणाकार ज्या अहवालात नाही, तो अहवाल अर्धाच समजावा.

श्रोतेहो, शार्ङ्गधराच्या प्रस्थापासून लोट्याच्या सांडपाण्यापर्यंत आपण आलो. ह्या साऱ्या प्रवासात आकडे क्वचितच खोटे ठरले. आकड्याचे सोबती तेवढे वाटेत हरवले. म्हणून पाण्याचा, रक्ताचा वा औषधाचा कोणताही आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारावेत : कशाचे? कशात? आणि एकूण किती? हे विचारण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. 'कोणता शेर?' असे बाजारात विचारणाऱ्या आपल्या पूर्वजांपाशीही ती नव्हती, पण म्हणून कोणी त्यांना मापात फसवू शकत नसे. तेवढी चौकसपणाची सवय आपण राखली, तर टाकीवर पावडर टाकणाऱ्यापासून खाडीवर जाळे टाकणाऱ्यापर्यंत सर्वांचेच त्यात कल्याण आहे.